इथे असा कोणी राहत नाही

"अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही," हवालदार खींवराजनं कागद वाचून दाखवला आणि समोर उभ्या असलेल्या अर्जदाराकडे पाहिलं.

"पण साहेब, मी राहतो," जेठोमल म्हणाला. "आत्ता तिथूनच आलो."

"तुम्ही कुठून आलात ते मी पाहिलं नाही. मी वस्तीत गेलो, विचारलं. असा कोणी नाही म्हणाले. एकजण म्हणाला असता तर सोडून दिलं असतं, पण तिथं कुत्रंसुद्धा तुम्हाला ओळखायला तयार नव्हतं."

जेठोमलच्या तोंडचं पाणी पळालं. सरहद्दीपलीकडचं थरचं वाळवंट सोडून तो जोधपूरला आला तेव्हा सुगनी कडेवर होती. ती आता नर्सिंग कॉलेजला निघाली होती. जागा मिळालीही होती. पण बापाचं नागरिकत्व झाल्याशिवाय मुलीचं होणार नव्हतं, आणि मुलीचं झाल्याशिवाय कॉलेज तिला आत घेणार नव्हतं. महिनाअखेरपर्यंत थांबू, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. बाकी सगळं जमलं होतं, घोडं पोलीस चौकशीपाशी पेंड खात होतं.

वस्तीच्या तोंडाशी खेजडीच्या झाडाखाली लाछांमासी गोधडी शिवत बसली होती.

"मासी, पोलीस आला होता?"

"आला होता की! तुझं नाव घेऊन विचारत होता मेला." मासीनं दातानं दोरा तोडला. "मी म्हटलं, असा कोणी जन्मालाच आला नाही. गेला निमूट. तू काळजी करू नकोस, जेठा. आम्ही आहोत ना!"

जेठोमलला तिच्यावर धड चिडताही येईना. तिकडे गावात खाकी कपडा दिसला की साऱ्या गावाची स्मरणशक्ती जायची. सख्खा भाऊ भावाला ओळखत नसे. पोलिसाला दुसऱ्याचं घर दाखवणाऱ्याच्या पोरांना सोयरीक मिळत नसे. गाव सुटलं, जमीन सुटली, उंट सुटले, ही सवय मात्र गाठोड्यातून अख्खीच्या अख्खी आली होती.

त्यानं हवालदाराचे पाय धरून फेरचौकशी मागितली आणि वस्तीला खेजडीखाली गोळा केलं.

"आता पोलीस आला की सांगायचं, जेठोमल इथे राहतो."

"आणि धरून नेलं तर?" शेजारच्या डुंगर शिंप्यानं विचारलं. त्याचं नागरिकत्व मागेच झालं होतं, भीती तेवढी शिल्लक होती.

"नाही नेणार."

"बघ हं. मागून आम्हाला बोल लावू नकोस."

हवालदार पुन्हा आला. वस्तीनं या वेळी मागची सगळी कसर भरून काढली.

"राहतो म्हणजे?" लाछांमासी कडाडली. "अरे, जन्मलाच इथे! या हातांनी नाळ कापली त्याची."

"त्याचे आजोबासुद्धा इथलेच," डुंगरनं पुस्ती जोडली. "देवमाणूस!"

जेठोमल मागून हातवारे करत होता. एवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही असं वाटून डुंगरनं पणजोबाही जोधपूरचे करून टाकले.

हवालदारानं वही मिटली. "जेठोमलजी, इथे जन्मला असाल तर नागरिकत्व मागता कशाला? आणि तिकडून आला असाल, तर ही अख्खी वस्ती खोटं का बोलते? आता वरची चौकशी लागणार. साध्या कपड्यातला माणूस येईल. कधी, ते मलाही सांगत नाहीत."

आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. घरी सुगनीनं कॉलेजसाठी शिवलेला पांढरा गणवेश घडी करून ट्रंकेत ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच खेजडीखाली ठाण मांडून बसला. दुसऱ्या कोणाला उत्तर द्यायची संधीच द्यायची नाही! पण साधे कपडे तर जगात सगळेच घालतात. भंगारवाल्याला त्यानं चहा पाजला. कूलर दुरुस्त करणाऱ्याला आपण सरहद्द कशी ओलांडली ते पहिल्यापासून ऐकवलं. तो बिचारा घाबरून पाना-पक्कड विसरून पळाला.

एका दुपारी चौकड्यांच्या शर्टातला माणूस मोटारसायकलवरून उतरला. आवाज हुकमी, बूट चकचकीत.

"डुंगरमल शिंपी कुठे राहतो?"

डुंगर? त्यानं काय केलं? डोकं काही विचार करण्याआधीच जेठोमलच्या तोंडानं वाडवडिलांचं काम केलं. "असा कोणी नाही इथे."

"बरं. आणि जेठोमल?"

"मीच तो, साहेब."

"कमाल आहे. तुमच्या अर्जावर ओळखीचा शेजारी म्हणून डुंगरमलचीच सही आहे. तो नाही म्हणता?"

जेठोमलला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात शिवणयंत्राचा आवाज थांबला आणि गळ्यात टेप अडकवलेला डुंगर बाहेर आला. त्यानं ते बूट पाहिले, जेठोमलचा पडलेला चेहरा पाहिला.

"या माणसाला ओळखता?" साहेबांनी विचारलं.

"याला?" डुंगरनं जेठोमलला खालून वर न्याहाळलं. "छे! आजच बघतोय."

साहेब हसू लागले, ते इतके की मोटारसायकलीला टेकावं लागलं.

"माझी आजी तुमच्याच बाजूची," डोळे पुसत ते म्हणाले. "जनगणनेवाला आला तर दारात उभी राहून सांगायची, या घरात कोणी राहत नाही. तुम्ही तिकडचेच, आणि एकमेकांचे शेजारीही पक्के. आणखी काय चौकशी करायची! लिहितो मी."

जेठोमल रडायला लागला. डुंगर मात्र साहेब वळेपर्यंत त्याला अनोळखीच राहिला.

महिना संपत आला. जेठोमल पडवीत दाढी करत होता आणि बाहेर लाछांमासीचा खणखणीत आवाज आला.

"जेठोमल? असा कोणी नाही इथे!"

त्यानं डोकावून पाहिलं. खाकी कपड्यातला पोस्टमन सायकल वळवून निघाला होता.

जेठोमल गालावरच्या फेसासकट अनवाणी धावला. "अहो थांबा! राहतो! मी राहतो इथे!"

पोस्टमननं पाय टेकले. "रजिस्टर पत्र आहे, सरकारी. तुम्हीच जेठोमल कशावरून? ओळखणारं कोणी आहे?"

जेठोमलनं मागे वळून पाहिलं. गल्लीतली दारं धडाधड लागत होती. शिवणयंत्रसुद्धा बंद पडलं होतं.

एकच दार उघडलं. सुगनी बाहेर आली आणि भर गल्लीत, खाकी कपड्यासमोर, मान वर करून उभी राहिली.

"हे माझे बाबा," ती म्हणाली. "जेठोमल. इथेच राहतात. आणा, कुठे सही करायची?"

जेठोमल फेसाळ चेहऱ्यानं लेकीकडे बघतच राहिला. लागलेल्या एका दारामागून लाछांमासीचा उसासा ऐकू आला.

"शिकवून काय उपयोग! पोरीनं खाकीला घर दाखवलं."