दोन लाडू आणि एक नानखटाई

"आई, माझे दोन फॉस्फेट कुठेत?"

ऋचा ओट्यापाशी थिजून उभी होती. दहा वाजता कॉलेजात तिचं डेमो लेक्चर, आणि त्यावर बायोकेमिस्ट्रीची पक्की नोकरी. तासिका तत्त्वावर तीन वर्षं काढून पोरगी पार कंटाळली होती. विषय मिळाला होता पीआरपीपी, पेशीतला फॉस्फेट लावलेला साखरेचा एक रेणू. नावानंच झोप येते, म्हणून तिनं ताटलीत त्याचं मॉडेल मांडलं होतं. पाच शंकरपाळ्यांची साखर, तिच्या एका टोकाला एक बेसनलाडू, दुसऱ्याला दोन. लाडू म्हणजे फॉस्फेट, टूथपिकनं जोडलेले. आता ताटलीत लाडू एकच होता.

"ते होय," नीताताई कणीक मळता मळता म्हणाल्या. "खालच्या सकीनाचा डबा आठ दिवस पडून होता. रिकामा कसा परत करायचा? दिले त्यात घालून. आणि लाडवाला काड्या टोचायची ही कुठली फॅशन गं? काढून टाकल्या मी."

ऋचाच्या तोंडचं पाणी पळालं. ती अनवाणीच खाली धावली. दारात जमालचाचा रुमालानं मिशी पुसत होते.

"लाडू एकदम फर्स्टक्लास, बेटा," ते म्हणाले.

"आणि दुसरा?"

"तो मी खाल्ला," आतून सकीनाचाची आल्या. "का गं, चेहरा का उतरला? थांब, रिकाम्या हातानं जाऊ नकोस." त्यांनी तिच्या हातात एक नानखटाई ठेवली.

पुन्हा लाडू वळायला वेळ कुठला? खांदा कॉलनीतून रिक्षा निघाली. मांडीवर ताटली, हातात नानखटाई, डोळ्यांत पाणी. हात मोकळा करायला तिनं नानखटाई दोन लाडवांच्या जागी टेकवली, आणि बघतच राहिली.

प्राचार्यांनी चष्मा सावरून ताटलीत पाहिलं. "मॅडम, यात दोन फॉस्फेट कमी आहेत."

"शेजारी दिले, सर," ऋचा म्हणाली. "पीआरपीपीही तेच करतं. जोडीचे दोन फॉस्फेट सोडून देतं, तेव्हा त्या जागी बेस येऊन बसतो. ही नानखटाई म्हणजे बेस. झाला न्यूक्लिओटाइड, आरएनएची एक वीट. डबा रिकामा गेला असता तर ही आलीच नसती."

कमिटी पोट धरून हसली आणि एकालाही झोप आली नाही. "सोमवारपासून या," प्राचार्य म्हणाले.

ऋचानं गेटातूनच घरी फोन लावला. आनंदानं तिला नीट बोलताही येईना.

"आई, नोकरी लागली. पण मला सांग, तिसरा लाडू का ठेवलास? तो गेला असता तर सगळंच फसलं असतं."

"अगं, तीन कुणी देतं का कुणाला?" नीताताई म्हणाल्या. "एवढं शिकलीस, आणि एवढं कळत नाही?"