सूनबाई टॅगांचा मुलूख सर करितात त्याची हकीकत

तलवारीच्या लढाया पुष्कळांनी लिहिल्या. ही लढाई कीबोर्डाची, आणि ती जैसी जाहली तैसी, पदरचे थोडेच तिखटमीठ लावून, लिहिली आहे.

कारण ऐसे जाहले की, पुस्तकांच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी फर्मान काढिले: दुकानाची वेबसाइट सांभाळण्यास माणूस पाहिजे, उमेदवाराने उद्या सकाळी समक्ष बसून स्वहस्ते एक पान रचून दाखवावे. लेकरे वाढविता वाढविता दहा वर्षे घरी राहिलेल्या सूनबाईंस ही नोकरी जिवापाड हवी होती. हुकली तर पुन्हा त्याच चार भिंती, हे त्या जाणून होत्या. परंतु एचटीएमएलचे टॅग, म्हणजे वेबपान रचण्याच्या खुणा, ज्या उघडिल्या की बंदही कराव्या लागतात, त्या पाठ करणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग त्यांनी मसलत केली की, जे डोक्यात शिरत नाही ते डोळ्यांसमोर ठेवावे, आणि चिठ्ठ्यांची फौज घेऊन अवघ्या घरावर चालून गेल्या. दारावरची पाटी मथळ्याचा 'एच-वन' म्हणून काबीज केली, आणि मोज्यांचा खण यादीचा 'यूएल' ठरला, आणि त्यातील एकेक मोजा यादीतील कलमाचा 'एलआय', आणि जिन्याकडील दार लिंकचा 'ए', कारण ते उघडले की माणूस भलतीकडेच पोहोचतो. भिंतीवरील तसबीर 'आयएमजी'. तिला बंद करण्याची दगदग नाही, टांगली की टांगली. राजश्री सासरेबुवा आरामखुर्चीत घोरत असता त्यांचे कपाळी परिच्छेदाचा 'पी' चिकटला, तो दिवसभर कोणी काढिला नाही.

संध्याकाळी पान रचिले तो घात जाहला. मथळा मोठा यावा तो आला, परंतु खालील अवघा मजकूरही तेवढाच दांडगा, जैसे सभेत प्रत्येकजणच अध्यक्ष. सूनबाईंनी चिठ्ठ्या पडताळिल्या, रडू आले ते गिळिले, आणि पाणी प्यावयास उठल्या, तो सासरेबुवांनी शिरस्त्याप्रमाणे उघडे टाकिलेले कपाटाचे दार ठाणकन कपाळी बसले.

सासरेबुवा गर्भगळीत होऊन म्हणाले, "अगं, मी लावणारच होतो!"

"बाबा, बंद करायचं राहिलं!" सूनबाई ओरडल्या. "माझंही!"

आणि टेंगूळ मिरवीत त्यांनी संगणकावर झडप घातली, आणि एच-वनाचा बंद करण्याचा टॅग लाविला, आणि मजकूर मुकाट लहान होऊन आपले जागी बसला. सुनेच्या डोक्यावर परिणाम जाहला, ऐसी सासरेबुवांची खात्री पटली.

दुसरे दिवशी टेंगळासह दुकानी स्वारी दाखल जाहली. मालकीणबाईंनी लिंक घालण्यास फर्माविले. सूनबाईंनी आधी दुकानाच्या दाराकडे पाहिले, हसू दाबिले, आणि टॅग उघडून लागलीच बंदही केला. पान उभे राहिले. सोमवारपासून रुजू व्हावे ऐसा हुकूम जाहला, आणि आनंदाच्या भरात परतीच्या वाटेवर दोन अनोळखी माणसांस सूनबाईंचा नमस्कार घडला.

घरी येऊन त्यांनी फर्मान सोडिले की, सकाळचा चहा आता बाबांनी करावा. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, आणि स्वयंपाकघराचा सुभा राजश्री सासरेबुवांकडे आला, आणि त्याच घरात केस पिकलेल्या सासरेबुवांनी अदबीने विचारिले, "पातेलं कुठे असतं गं?"