सात नंबरची गन

साहेबांनी शुक्रवारी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की सोमवारपासून वर्कशॉपमधली प्रत्येक गन कॉम्प्युटर तपासणार आणि नापास होईल ती भंगारात जाणार. गन म्हणजे नट आवळायची, विजेवर चालणारी. पंपाचं झाकण बसवायला तीच लागते. ती बरोबर आवळते की नाही हे आजवर फोरमनमामा मनगटाने ठरवायचे. गन धरायची, एक नट आवळायचा आणि "चालेल" किंवा "नाही चालणार" एवढंच म्हणायचं. चौतीस वर्षं सगळं या दोन निकालांवर चाललं होतं.

"मनगट माणसाबरोबर घरी जातं, मामा," साहेब म्हणाले. "मशीन इथेच राहतं. आणि मशीन खोटं बोलत नाही."

मनगटाचं मामांना फारसं वाटलं नाही. तीन महिन्यांनी ते रिटायरच होणार होते. त्यांना काळजी होती ती सात नंबरच्या गनची. बत्तीस गनमध्ये ती एकटी जुनी, बाकीच्या गेल्या वर्षी नव्या आलेल्या. ती फक्त मामाच वापरायचे, खटका वेळीच सोडून. सातची मूठ हाताला चावायची, म्हणून मामांनी एका शनिवारी ती डब्याच्या पिशवीत लपवून घरी नेली होती. मामींनी स्वयंपाकघराच्या पडद्यातून उरलेली निळ्या फुलांची पट्टी तिच्याभोवती गुंडाळून घट्ट शिवून दिली. मामींना जाऊन दीड वर्ष झालं. ते पडदे विरले, पण मुठीवरचा एक टाका उसवला नव्हता.

सोमवारी मामा सगळ्यांच्या तासभर आधी आले. सात पास होते का, हे गुपचूप बघून ठेवायचं होतं. कॉम्प्युटर सुरू करताच बारीक अक्षरांत चार ओळींचा प्रश्न आला. चष्मा घरी. खाली दोन बटणं होती, त्यातलं मोठं होतं ते मामांनी दाबलं. मग त्याने नाव विचारलं, ते टाकलं. कॅमेऱ्याने गनचा फोटो घेतला. मामांनी गन बोल्टवर लावून खटका दाबला. पडद्यावर एक रेघ सरसर चढली आणि हिरवा आकडा आला. शंभर.

मामांना वाटलं होतं, ऐंशी आले तरी देव पावला. शंभरपैकी शंभर. त्यांनी घरी कळवायला खिशातून फोन काढला, आणि घरी आता कोण आहे हे आठवून परत ठेवला.

आठ वाजता तपासणी सुरू झाली. पहिली नवी गन लावली. एकाहत्तर, लाल. दुसरी सत्तर, लाल. तिसरी बाहत्तर. बारा वाजेपर्यंत एकतीसच्या एकतीस नापास झाल्या. स्टोअरवाल्या ताईंचे लाल स्टिकर विसाव्या गनलाच संपले. मग त्यांनी लाल चिकटपट्टी कापून लावली. हिरव्यांचा गठ्ठा तसाच होता, त्यातला एक फक्त सातवर.

साहेबांनी गन विकणाऱ्याला फोनवर धारेवर धरलं. तो बिचारा मुलाबाळांची शपथ घेत होता. पण मशीन खोटं बोलत नाही. नव्या गन परत पाठवायला टेम्पो मागवला आणि तोवर सगळं काम एकट्या सातवर करायचा हुकूम निघाला. तीस माणसं एका गनसाठी ओळीत उभी राहिली. ताईंनी नंबर वाटले.

पहिल्या पंपाचं झाकण चौथ्या बोल्टला तडकलं. दुसऱ्याचंही. पाचवं तडकलं तेव्हा साहेबांनी झाकणवाल्याला फोन लावला आणि शिव्या देत त्याच्याही आईबहिणीपर्यंत पोचले.

मामांचं मनगट सकाळपासून एकच सांगत होतं, की नव्या गन चांगल्या आहेत. बोलावं तर सात जाते. न बोलावं तर दोन भल्या माणसांचं नाव जातं. टेम्पोत पहिली पेटी चढली, आणि मामा पुढे झाले.

"उतरवा ती. सकाळी मी काहीतरी दाबलंय."

सॉफ्टवेअरवाल्या मुलीला बोलावून घेतलं. तिने दोन मिनिटांत घोळ शोधला. कॉम्प्युटरने विचारलं होतं, आता लावाल ती गन प्रमाण धरून बाकीच्यांना मोजू का? मामांनी सातला प्रमाण केलं होतं.

"म्हणजे नव्या गन कमी आवळत नाहीत," ती म्हणाली. "ही जास्त आवळते. जवळजवळ दीडपट."

"धन्यासारखीच आहे," ताई म्हणाल्या. "मामांनी लावलेल्या बरण्या उघडून घ्यायला मामी माझ्याकडे यायच्या."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी सातवरचा हिरवा स्टिकर काढून लाल लावला. मामांनी मान डोलावली, खिशातून ब्लेड काढलं आणि पट्टीची शिवण शोधू लागले. गन जाऊ दे, पट्टी तरी घरी न्यावी.

"थांबा मामा, तिला हात लावू नका," मुलगी म्हणाली. "पहिली प्रमाण गन नोंदीतून काढताच येत नाही. ती कुलपात ठेवायची, फोटोत आहे तश्शी. फोटोत पट्टी आहे."

"अहो, पण ती चुकीची आहे," साहेब म्हणाले.

"हो सर. पण नियम मशीनमध्येच आहे. दर सहा महिन्यांनी तिची तपासणीही करायची. ज्यांनी नोंदवली त्यांनीच."

"मामा तर रिटायर होतायत."

"मग बोलवावं लागेल."

मशीनबद्दल काही बोलायची साहेबांना सोय उरली नव्हती. ते मामांना म्हणाले, "याल ना?"

"चहा पाजणार असाल तर."

काचेचं कपाट आलं. ते भिंतीला मामांनीच बसवलं. चार स्क्रू, साध्या पान्याने, हाताने.

मामा रिटायर झाल्यावर साहेबांनी रंगकाम काढलं. ते कपाट उतरवायला आधी एक जण गेला, मग तिघे, मग नव्या गन लावून पाहिल्या. स्क्रू जागचे हलले नाहीत. शेवटी कपाटाच्या कडेकडेने ब्रश फिरवून भिंत रंगवली.