बिजागरीवरची माळ

"झाकण झिजेल, बिजागरी थकेल, उघडणाऱ्याचा अंगठा सुजेल, पण माझी पट्टी तुटणार नाही."

नवरात्राच्या दिवसांत, रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील चहाच्या टपरीवर उभे राहून मुस्तफाभाई म्हसळकर यांनी हे वाक्य उच्चारले, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर व्रताची सांगता झालेल्या माणसाची प्रसन्नता होती. ऐकणारे दोघेच होते: त्यांचा तरुण भागीदार कल्पेश कोळी आणि शेजारच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनविणारे दिलीपशेठ. परंतु अशी वाक्ये ऐकण्यासाठी दैव नेहमीच हातभर अंतरावर उभे असते, आणि त्याला चहाची घाई नसते.

ही पट्टी कसली, हे प्रथम सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मुलांच्या हाती एक घडीचा व्हिडिओ गेम असे. पानाच्या डब्यासारखा तो उघडावयाचा. झाकणात चित्र, तळाशी बटणे. ती मुले आता मोठी झाली, त्यांच्या डोक्यावरचे केस विरळ झाले, आणि नेमक्या याच वयात त्यांना कपाटातील तो गेम पुन्हा आठवू लागला. उघडून पाहावे तर चित्र नाही. कारण झाकणाला तळाशी जोडणारी, बिजागरीच्या पोटातून जाणारी कागदासारखी पातळ डिस्प्ले केबल केव्हाच तुटलेली. मूळ कंपनीने सुटे भाग बनविणे थांबविलेले. ती केबल, म्हणजेच त्या धंद्यातील लोकांची पट्टी, मुस्तफाभाई नव्याने घडवीत. मधाच्या रंगाच्या फिल्मवर तांब्याच्या केसासारख्या रेघा उमटवाव्यात, वर दुसरी फिल्म दाबून बसवावी, आकारात कापावी, सुरळी करून बिजागरीतून ओवावी. हे सर्व ते इतक्या हळुवारपणे करीत की त्या वेळी गाळ्यात कोणी शिंकले तरी त्याला क्षमा मागावी लागे.

या पट्टीवर केवळ गेमचे चित्र अवलंबून नव्हते. मुस्तफाभाईंचा संसार कोठे नांदणार हेही तिच्यावरच ठरणार होते. त्यांची पत्नी नूरजहाँ हिचे थोरले बंधू मुझम्मिलभाई यांनी कुवेतमधील एका मित्राच्या मोबाईलच्या दुकानात त्यांच्यासाठी विक्रेत्याची जागा पाहून ठेवली होती. नूरजहाँला ही जागा मान्य नव्हती. तिने आवाज न चढविता एकदाच सांगितले होते, "मी माणसाशी निकाह केलाय, फोनातल्या आवाजाशी नाही." अखेर तोड निघाली. तुर्भ्याला जुन्या गेमच्या दुरुस्तीचे मोठे दुकान चालविणाऱ्या अक्षता मॅडमनी ही पट्टी स्वीकारली तर मुस्तफाभाईंनी येथेच राहावे. नाकारली तर निमूटपणे विमानात बसावे. मॅडमची अट एवढीच होती की गेम आठवडाभर अखंड उघडमीट करीत राहावा आणि चित्र एकदाही जाऊ नये.

ही उघडमीट करणारे यंत्र कल्पेशने रचले होते. गाडीचा वायपर फिरविणारी मोटर, तिला जोडलेला दांडा, आणि प्रत्येक फेरी नोंदविणारा आकड्यांचा डबा. झाकण अडकले तर ते मोडू नये म्हणून दांड्याला त्याने रबराची पकड दिली होती. ताण वाढला की दांडा आपला घसरून पुढे जाई. या सौजन्याचे पुढे काय झाले ते कळेलच. आधीच्या पट्ट्या या यंत्रावर दिवस मावळण्यापूर्वी माना टाकीत. मुस्तफाभाईंनी दोष तांब्याचा मानून तांबे बदलले, नवी पट्टी ओवली, यंत्र सुरू केले आणि टपरीवर जाऊन ते सुप्रसिद्ध वाक्य उच्चारले.

तो दिवस खंडेनवमीचा होता, आणि यंत्र सुरू होऊन तासही झाला नव्हता. सारसोळ्याहून कल्पेशच्या मातुःश्री धोंडूबाई झेंडूच्या माळांची टोपली घेऊन गाळ्यात अवतरल्या. फिल्म दाबणाऱ्या प्रेसला माळ, कात्रीला फूल, तराजूला हळदकुंकू असे करीत त्या चाचणीच्या यंत्रापाशी आल्या आणि ते चालू पाहून थबकल्या. आयुधांच्या पूजेच्या दिवशी आयुध राबविणे त्यांना सोसवेना.

"आज दर्यातल्या होरीला सुटी हाय, कोयत्याला सुटी हाय," त्या म्हणाल्या, "मंग या गरिबालाच का राबवताव?"

मुस्तफाभाईंनी हात जोडून विनविले की, चाचणी क्षणभर खंडित झाली तरी आठवडा पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागेल. म्हणून मावशींनी पूजा अवश्य करावी, पण यंत्र थांबवू नये आणि त्याला कोणी हातही लावू नये. धोंडूबाईंनी विचार केला. पाळण्यातले मूल हलत असतानाही त्याला तीट लावता येते, हे त्यांना ठाऊक होते. दांडा खाली आला तो क्षण साधून त्यांनी माळ अलगद टाकली. ती गेमच्या मानेवर, बिजागरीला पूर्ण झाकून, शोभिवंतपणे विसावली. झाकण उठले, माळ उठली. झाकण मिटले, माळ मिटली. देवाने होकारार्थी मान हलवावी तसे ते दृश्य होते. कल्पेशने फोटो काढला.

त्या दिवशी पट्टी तुटली नाही. दसऱ्यालाही तुटली नाही. तिसऱ्या प्रहरी मुस्तफाभाई आकड्यांच्या डब्याकडे पाहत आणि मग झाकणाच्या कडेतून दिसणाऱ्या चित्राकडे पाहत. दोन्ही सुखरूप होते. माळ सुकली, पण ती काढणार कोण? मुस्तफाभाईंना वाटे, ही मावशींची श्रद्धा. आपण हात लावणे बरे दिसणार नाही. कल्पेशला वाटे, यंत्राला स्पर्श करू नये असे भाईंनी बजावले आहे. आपण कशाला त्यांचे मन मोडा. धोंडूबाई पुन्हा आल्या, तेव्हा त्यांना वाटले की सुकलेली माळही ज्या अर्थी या दोघांनी जपली आहे, त्या अर्थी त्यांची भक्ती मोठी आहे. त्यांनी संतोषाने तिच्यावर दुसरी ताजी माळ घातली. तिघेही एकमेकांचा मान राखीत राहिले आणि माळांचा थर वाढत गेला.

वार्ता वसाहतीत पसरण्यास वेळ लागला नाही. प्रथम दिलीपशेठ आले. त्यांचे खोकी कापणारे यंत्र रोज बंद पडे. त्यांनी या न थकणाऱ्या यंत्रापुढे नारळ ठेवला आणि योगायोगाने त्या दिवशी त्यांचे यंत्र बंद पडले नाही. मग टेम्पोवाला ज्ञानू आपल्या गाडीची किल्ली यंत्राच्या पायाशी टेकवून गेला. पलीकडच्या गाळ्यातील मंडळी कामावर जाण्यापूर्वी दारातून नमस्कार करू लागली. कोणी उदबत्ती लावली. धुराने फिल्म खराब होईल म्हणून मुस्तफाभाईंनी ती नम्रपणे बाहेर नेऊन खोवली, तर त्या जागेलाही नमस्कार सुरू झाले. प्रसाद कोण देणार असा प्रश्न निघाला. जवळ दुसरे काही नव्हते म्हणून भाईंनी नूरजहाँने डब्यात दिलेल्या खजुरांतील दोन वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा अपुरा पडू लागला.

अशा भरात आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला. अक्षता मॅडम येणार होत्या. त्यांच्याआधी मुझम्मिलभाई आले; कुवेतच्या मित्राला त्याच दिवशी उत्तर द्यावयाचे होते. दारात त्यांनी पाहिले ते असे: एक फुलांचा ढीग संथपणे मान डोलावीत आहे, त्याच्यापुढे नारळ आहेत, चार माणसे हात जोडून उभी आहेत, आणि आपल्या बहिणीचे यजमान स्टुलावर बसून खजूर वाटीत आहेत. मुझम्मिलभाईंनी चपला काढल्या. मग म्हणाले, "भावजी, मी तुम्हाला नोकरी लावायला आलो होतो. तुमची तर इथं गादी बसलेली दिसते."

मुस्तफाभाईंनी घाईघाईने सर्व हकीकत सांगितली. तेवढ्यात अक्षता मॅडम पोहोचल्या. त्यांनी आकडे पाहिले, चित्र पाहिले आणि मान डोलावली. आठवडा भरला होता. गाळ्यात समाधानाचा निःश्वास उमटला. या आनंदात मुझम्मिलभाईंनाही वाटले की, ज्या वस्तूने आपल्या बहिणीची बाजू जिंकून दिली ती एकदा नीट पाहावी. ते गृहस्थ नुकतेच आलेले; कोणाचा मान कोठे गुंतला आहे हे त्यांना काय ठाऊक! त्यांनी दोन्ही हातांनी, अत्यंत आदराने, माळांचा तो थर उचलला आणि शेजारीच उभ्या असलेल्या धोंडूबाईंच्या ओंजळीत ठेवला.

झाकण उठले, आणि माळ पडल्यापासून प्रथमच ते पूर्ण मागे गेले. चित्रावर आडव्या रेघा आल्या. मग अंधार झाला.

मग दिलीपशेठ हलक्या पण निश्चित स्वरात म्हणाले, "माळ काढली, म्हणून बंद पडलं." सर्वांनी मुझम्मिलभाईंकडे पाहिले. ज्ञानूने टेम्पोची किल्ली खिशात खोल सारली. मुझम्मिलभाई आपले हात असे पाहू लागले जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

कल्पेशला ही समजूत हास्यास्पद वाटली. तो बिजागरीवर वाकला, सर्वांना खरे कारण दाखविण्यासाठी; आणि वाकलेलाच राहिला.

"भाई," तो कुजबुजला, "दिलीपशेठ बरोबर बोलतायत."

धोंडूबाईंनी माळ साध्या दोऱ्यात ओवली नव्हती. घरात जाळी विणण्याचा तंगूस मुबलक. जो धागा भरतीत मासळीचे ओझे ओढतो, त्यातच त्यांनी झेंडू ओवला होता. तो बिजागरीमागे अडकून झाकण अर्ध्यावरच अडवीत होता. दांडा मात्र रबराच्या पकडीतून घसरत फेरी पूर्ण करी आणि डबा इमानाने आकडा नोंदवी. आठवडाभर यंत्राने कष्ट केले, मोटरीने केले, तंगुसाने तर सर्वांहून अधिक केले. विश्रांती मिळाली ती फक्त पट्टीला. खंडेनवमीची सुटी धोंडूबाईंनी तिला मिळवून दिली होती, तीही आठवड्याची.

हे सारे मुस्तफाभाईंना उमगले, तेव्हा अक्षता मॅडम पर्समधून पेन काढीत होत्या. त्या समजूतदारपणे म्हणत होत्या की पाहुण्यांचा धक्का लागला असणार. शिवाय अट आठवड्याची होती आणि आठवडा तर झाला. ऑर्डर आजच पक्की करू या. कल्पेश बिजागरीवरून वर पाहीना. मुस्तफाभाईंच्या डोळ्यांसमोर नूरजहाँ आली, मग विमान आले, मग पुन्हा नूरजहाँ आली. त्यांनी घसा साफ केला.

"मॅडम, पाहुण्यांचा धक्का नाही," ते म्हणाले. "झाकण आठवडाभर अर्धंच उघडत होतं. ही पट्टी पास झालेली नाही. तुम्ही घेऊ नका."

अक्षता मॅडमनी पेन मिटले. मग त्यांनी तुटलेली पट्टी मागितली, खिडकीपाशी नेली आणि भाईंनाही जवळ बोलाविले. दोघांनी मिळून पाहिले. तांबे निर्दोष होते. झाकण पूर्ण उघडताना पट्टी ताठ होत होती, कारण ती नखभर आखूड होती. आधीच्या साऱ्या पट्ट्या याच रोगाने गेल्या होत्या. मॅडम म्हणाल्या की नखभर लांब करून पुन्हा आठवडाभर चालवा, त्या थांबतील. आपला माल घेऊ नका असे सांगणारा माणूस त्यांना या धंद्यात प्रथमच भेटला होता, आणि अशा माणसासाठी आठवडा काही फार नाही. एवढे बोलून, दोन खजूर घेऊन त्या गेल्या.

आता प्रश्न उरला कुवेतचा. तेथे आठवडाभर थांबण्याची तयारी नव्हती. मुझम्मिलभाईंनी फोन हातात घेतला, मेहुण्याकडे पाहिले, बहिणीचे ते एकच वाक्य आठवले, आणि मित्राला फोन लावला. त्यांनी स्पष्ट सांगितले की आमचे भावजी या जागेला अगदी नालायक आहेत. "अरे, गिऱ्हाईक पेन काढून उभं होतं, आणि हे म्हणतात माल खराब आहे, घेऊ नका. असा माणूस काउंटरवर बसवशील तर महिन्यात दुकानाला टाळं लागेल."

पलीकडील गृहस्थांचा आवाज मूळचाच मोठा होता. तो गाळ्यातील प्रत्येकाला ऐकू आला. "मुझम्मिल, असाच इमानदार माणूस मी कधीपासून शोधतोय. पगार वाढवतो. तिकीट कधीचं काढू?"

मुझम्मिलभाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "हॅलो... हॅलो... काही ऐकू येत नाही," असे ते म्हणाले, फोन लगबगीने खिशात घातला, आणि मुस्तफाभाईंच्या खांद्यावर हात ठेवून गंभीरपणे उद्गारले, "रबाळ्यात रेंज फार वाईट."

फोन बंद करावयाचे मात्र त्यांच्या ध्यानातून गेले होते. मुस्तफाभाई विमान टळले हे नूरजहाँला सांगण्यासाठी बाहेर पडले, तेव्हा मेहुण्यांच्या खिशातून तो मोठा आवाज अजूनही तिकिटाची तारीख विचारीत होता.