चार साडूंची भरपाई

नळ दुरुस्त व्हायला काही वेळच लागला नाही. प्लंबर आला, सिंकवर वाकला, झिजलेला वॉशर काढून नवा बसवला, नळ दोनदा उघडून-बंद करून दाखवला आणि हात पुसत उभा राहिला. गोष्ट इथेच संपायला हवी होती. संपली असती, तर मामांचं पुढचं वर्ष मजेत गेलं असतं.

मामा हे आता कुणा एकाचे मामा राहिले नव्हते. भाच्यानं लहानपणी मारलेली हाक आधी गल्लीनं उचलली, मग ऑफिसनं उचलली, आणि निवृत्तीनंतर घरमालकही 'मामा, महिनाअखेर तेवढी खोली रिकामी करा' असं प्रेमानं म्हणू लागला. मामांनी लग्न केलं नव्हतं आणि घरही बांधलं नव्हतं. दोन्ही गोष्टी करून बघण्यासारख्या आहेत असं त्यांना कधी वाटलंच नाही. पण आता थोरली बहीण आक्का वर्षभरासाठी मुलाकडे निघाली होती आणि तिचं लख्ख, नीटनेटकं घर कुणीतरी सांभाळायला हवं होतं. "तुझ्या हातात घर द्यायचं म्हणजे..." एवढं बोलून आक्कांनी वाक्य अर्धं सोडलं होतं. मग त्यांनी परीक्षाच घ्यायचं ठरवलं. त्या चार दिवस मैत्रिणीकडे गेल्या. परत आल्यावर घर जसंच्या तसं सापडलं, तर किल्ली वर्षभर मामांकडे. आज संध्याकाळी त्या येणार होत्या. नळ जरासा गळत होता, तो तसाच राहू दिला असता तरी आक्कांनी बोट ठेवलं नसतं. पण मामांना पैकीच्या पैकी गुण हवे होते.

प्लंबरनं पिशवी खांद्यावर टाकली आणि वळला. पिशवीतून बाहेर डोकावणारा लांब पाना ओट्यामागच्या भिंतीवर टकदिशी आपटला. एका पांढऱ्या टाइलला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चीर गेली.

मामांचं डोकं मात्र लगेच चाललं. "असू द्या हो," ते म्हणाले, "मी तिथं साखरेचा डबा ठेवतो. कळायचं नाही कुणाला."

प्लंबरनं पिशवी खाली ठेवली. "डबा ठेवणार? म्हणजे लपवणार?"

"लपवणार असं नाही. डबा ठेवणार."

"ते आमच्यात चालत नाही. आमच्या हातून मोडलं तर आमच्याच हातानं भरून द्यायचं. सासूबाईंचा नियम आहे. आणि मालकानं 'भरून पावलो' म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. घर तुमचंच ना?"

"माझंच," मामा घाईघाईनं म्हणाले. "आणि मी भरून पावलो."

"भरायच्या आधीच कसे पावाल?" प्लंबर म्हणाला आणि त्यानं साडूला फोन लावला.

या सासूबाईंना चार मुली होत्या. त्यांनी जावई निवडताना रंग, उंची, शिक्षण असल्या किरकोळ गोष्टी पाहिल्याच नव्हत्या. थोरला प्लंबर, दुसरा गवंडी, तिसरा सुतार, धाकटा रंगारी. घर पायापासून छतापर्यंत कोसळलं तरी बाहेरच्या माणसाला हाक मारायला लागू नये, असा त्यांचा हिशोब होता. हे सगळं प्लंबरनं मामांना कौतुकानं सांगितलं. मामांना त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसेना. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

गवंडी आला तो तशीच्या तशी टाइल घेऊन. मामांना जरा हायसं वाटलं. त्यानं छिन्नी लावली आणि हातोडीनं ठोकायला सुरुवात केली. फुटकी टाइल अगदी अलगद निघाली. त्याच भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, बैठकीच्या खोलीत, आक्कांचं कपबशांचं कपाट टांगलेलं होतं. हातोडीच्या दणक्यानं त्याच्या दाराची वरची बिजागरी सुटली आणि दार एखाद्या दमलेल्या माणसासारखं एका बाजूला कललं.

"कप फुटले नाहीत," मामा धावत जाऊन म्हणाले. "एकही नाही. दार काय, मी पुठ्ठ्याची पाचर मारतो."

गवंड्यानं प्लंबरकडे पाहिलं. "हे असंच बोलतात का?"

"सकाळपासून," प्लंबर म्हणाला.

मग सुतार आला. तो तर बोलायलाही तयार नव्हता. त्यानं कपाटावरून हात फिरवला, सुस्कारा सोडला आणि कपाट उतरवायला घेतलं. कपाट त्यानं आणि गवंड्यानं मिळून उजेडात, खिडकीजवळ नेलं. नेताना "इकडे घे, इकडे घे" असं दोघंही एकाच वेळी म्हणाले, आणि दोघांचं इकडे वेगवेगळं होतं. कपाटाच्या कोपऱ्यानं भिंतीवरून लांबलचक ओरखडा काढला आणि पिस्ता रंगाखालून पूर्वीचा निळा रंग डोकावू लागला.

आता मात्र मामांनी हात जोडले. "भीक नको पण कुत्रं आवरा. मी पाया पडतो तुमच्या. सगळं आहे तसं ठेवा आणि घरी जा. मला एक पैसा नको, मला तुमची टाइलसुद्धा नको."

"असं कसं," सुतार पहिल्यांदाच मामांशी बोलला. "आम्ही काय पळून जाणारी माणसं वाटलो?"

तेच तर दुखणं होतं. मामांनी उभी हयात एका कचेरीच्या तक्रार विभागात काढली होती. तिथं चूक झाली की ती या टेबलावरून त्या टेबलावर जायची आणि शेवटी कुणाचीच नसायची. मामा त्या कलेत वाकबगार होते. एकदा तर त्यांनी छत गळल्याचा दोष पावसावर ढकलून, पावसाकडून उत्तर आलं नाही म्हणून फाइल बंद केली होती. पण 'माझ्या हातून झालं' म्हणत समोर ठाण मांडून बसणाऱ्या माणसाचं काय करायचं, याचा अनुभव त्यांच्या गाठीला नव्हता.

रंगारी आला. त्यानं डोळे बारीक करून ओरखडा पाहिला आणि तेवढाच भाग रंगवला तर ठिगळ दिसेल, अख्खी भिंत करावी लागेल असं सांगितलं. रंग मात्र त्यानं हुबेहूब कालवला. सगळ्यांनी मिळून सोफा मधोमध ओढला. त्यावर चादर टाकायला म्हणून मामा स्वतः पुढे झाले, कारण आता त्यांचा कुणावर विश्वास उरला नव्हता. रंगाऱ्यानं डबा नेमका त्यांच्या मागे ठेवला होता. मामा मागे सरले, डबा कलंडला, आणि आक्कांच्या सोफ्याच्या हाताला पिस्ता रंगाची मोठी झालर लागली.

मामांनी सवयीनं खिडकीकडे पाहिलं. "वारा आला," ते म्हणाले.

"डबा मी ठेवला होता," रंगारी म्हणाला. "माझं नुकसान."

"तुझं कसलं?" प्लंबर उसळला. "मूळ पाना माझा. पाना लागला नसता तर तू इथं आलाच नसतास. सगळं माझ्याकडे."

"दरवेळी तुझ्याकडेच का?" गवंडी म्हणाला. "थोरला जावई झालास म्हणून काय झालं? लग्नात पहिला मान तुझा, जेवायला पहिलं पान तुझं, आता नुकसानही सगळं तुझंच?"

"बिजागरी तुझी होती ना? मग गप्प बस."

"ओरखडा माझा आहे," सुतार खालच्या आवाजात म्हणाला. "तो मी कुणाला देणार नाही."

चौघेही हमरीतुमरीवर आले. दोष टाळण्यासाठी भांडणारी माणसं मामांनी जन्मभर पाहिली होती. दोष मिळवण्यासाठी भांडणारी ही पहिलीच. शेवटी सोफ्याचं काम कुणालाच येत नाही हे ध्यानात आलं आणि चौघांचा आवाज एकदम खाली आला. प्लंबरनं फोन काढला. "आईंना बोलवावं लागेल," तो म्हणाला.

सासूबाई सुईदोरा, कात्री आणि कापडाचा गठ्ठा घेऊन आल्या. बाई ठेंगण्या, पण त्या दारात दिसताच चारही जावई सरळ उभे राहिले. त्यांनी टाइल पाहिली, कपाटाचं दार उघडून-मिटून पाहिलं, भिंतीकडे मान हलवली आणि मग सोफ्यापाशी बसल्या. डागाळलेलं कापड उसवलं, त्याच पोताचं नवं कापड चढवलं, टाके असे घातले की मूळ कुठलं आणि नवं कुठलं ते शोधून सापडू नये. संध्याकाळ व्हायच्या आत घर चकचकीत झालं. रंगाऱ्यानं तर जमिनीवर पडलेला थेंबही खरवडून काढला. मामांना त्या क्षणी पाचही जणांना मिठी मारावीशी वाटली, अर्थात ते निघाल्यावर.

"भरून पावलो," ते म्हणाले. "पूर्ण पावलो. तेवढे मागच्या दारानं गेलात तर बरं."

"मागच्या दारानं का?" सासूबाईंनी विचारलं.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. आक्का बॅग घेऊन आत आल्या आणि बैठकीत ओळीनं उभ्या असलेल्या पाच अनोळखी माणसांकडे पाहत राहिल्या.

"हे कोण?"

"मित्र," मामा म्हणाले. "सहज आले होते, निघालेच आहेत. आक्का, तू गेल्यापासून या घरातली काडी हललेली नाही. बघून घे."

आक्कांनी नजर फिरवली. सगळं जागच्या जागी होतं. त्यांचा चेहरा सैल पडला आणि त्यांनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. मामांनी हात पुढे केला. या किल्लीसाठी त्यांचा जीव किती टांगणीला लागला होता, ते त्यांचं त्यांनाच त्या क्षणी कळलं.

"एक मिनिट," सासूबाई म्हणाल्या. "घर यांचं आहे का?"

"माझं आहे," आक्का म्हणाल्या.

"मग भरून पावल्याचं तुम्ही म्हणायला हवं." त्यांनी थोरल्या जावयाकडे नुसतं पाहिलं. प्लंबर पुढे झाला आणि त्यानं पाना लागल्यापासून पार शेवटपर्यंत सगळं सांगितलं. गवंड्यानं टाइल दाखवली, सुतारानं दार, रंगाऱ्यानं भिंत. मामांनी डबा कलंडवला हे मात्र कुणी बोललं नाही. ते रंगाऱ्यानं आपल्याकडे घेतलं होतं.

आक्कांनी एकेक जागा हातानं चाचपून पाहिली. मग त्या भावाकडे वळल्या. "लहानपणी माझी पाटी फोडलीस तेव्हा म्हणालास, मांजरानं फोडली. आपल्याकडे मांजर नव्हतं." आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या हातात ठेवला. "वर्षभर घरावर लक्ष ठेवाल? मोडलं तर सांगणारी माणसं मला हवीत."

"ठेवू," सासूबाई म्हणाल्या. "पण मग हे कुठं राहणार?"

"त्याचं तो बघेल. खोली महिनाअखेर सोडायचीय त्याला."

वाऱ्यावर, पावसावर किंवा मांजरावर ढकलावं असं यात मामांना काहीच सापडेना. ते सोफ्याच्या नव्या कापडावर जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरंच बेघर झाल्यासारखं वाटलं.

प्लंबरचा चेहरा पडला. "म्हणजे आमच्यामुळे यांची राहायची जागा गेली?"

"आमच्यामुळे नाही, माझ्यामुळे," गवंडी म्हणाला. "टाइल मी दाखवली."

"दार तर मी उघडून दाखवलं," सुतार म्हणाला.

"पुरे," सासूबाई म्हणाल्या. त्या मामांसमोर उभ्या राहिल्या आणि मघाशी कपाट पाहिलं होतं तसं त्यांनी मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नुकसान कुणाचंही असो, भरून द्यायलाच हवं. पण हे काम इथल्या इथं होणारं नाही. घरी न्यावं लागेल."

"किती दिवस लागतील?" आक्कांनी विचारलं.

"जुनं काम आहे. वेळ लागेल."

"लागू दे. मला घाई नाही," आक्का म्हणाल्या आणि बॅग घेऊन आत गेल्या.

गवंड्यानं मामांची वळकटी उचलली. प्लंबर आणि सुतारानं मामांना दोन्ही बाजूंनी धरलं, आणि ताज्या रंगाला धक्का लागू नये म्हणून जरा तिरकं करून, अलगद दाराबाहेर काढलं.