दौलतजींचं रुसणारं इंजिन

नवं घड्याळ दाखवलं की लोक किंमत विचारतात. आमच्या गावचे दौलतजी विचारत, "रुसते का?"

रुसत नाही, वेळेवर चालतं, असं कळलं की त्यांचा त्यातला रस संपे. त्यांचं स्वतःचं घड्याळ मांडीवर दोनदा आपटल्याशिवाय हलत नसे. कंदील शिवी खाल्ल्यावर पेटे. घराचं कुलूप लाथेनं उघडे, आणि ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. "जे रुसत नाही, त्याच्यात जीव नाही," असं ते ठणकावून सांगत. मुलीसाठी सालेकशाचं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या बापालाही त्यांनी हाच प्रश्न केला. तो जावई ऐन लग्नात जोड्यावरून रुसून मांडवाबाहेर जाऊन बसला. सगळं गाव त्याची समजूत काढत होतं आणि दौलतजी कौतुकानं त्याच्याकडे बघत उभे होते.

मी तेव्हा गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये इंजिन सांभाळत होतो. सुट्टीत गावी आलो, की मिस्तरी आला म्हणून लोक शिलाई मशीन आणि सायकली घेऊन दारात बसत. त्यामुळे मला जरा शिंगं फुटली होती, हे कबूल करतो.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. दौलतजींचे धाकटे भाऊ शामराव यांच्या डोक्यात ट्रॅक्टर शिरला. शामराव रोज दाढी करणारे, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी आधीच सांगून टाकलं, की ट्रॅक्टर आला की चांद्या-पाखऱ्याची जोडी बाजारात न्यायची. पंधरा वर्षं नांगर ओढून गुडघ्यांतून गेलेले बैल बाजारात कोण घेतो आणि कशासाठी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दौलतजी नुसते तंबाखू मळत राहिले.

नागपूरहून विकणारे दोघे दोन ट्रॅक्टर घेऊन आले, एक पेट्रोलचा आणि एक डिझेलचा. रात्रभर दोन्ही ट्रॅक्टर उघड्यावर होते. पौषातली थंडी. सकाळी पेट्रोलवाल्यानं हँडल एकदा फिरवलं आणि इंजिन गोड आवाजात सुरू झालं. दौलतजींनी जांभई दिली.

डिझेलचं मात्र काही केल्या पेटेना. विकणारा त्या थंडीत घामानं भिजला, मग कोट काढला, मग टोपी काढली. शेवटी त्यानंच हळूच विचारलं, बैल मिळतील का? चांद्या-पाखऱ्यानं ट्रॅक्टर ओढत बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, उंच पाळीपर्यंत नेला, तिथून उतारावर सोडला, तेव्हा कुठे ते धूड काळा धूर ओकत बोंबलायला लागलं.

"हाच पायजे," दौलतजी म्हणाले.

मी पेट्रोलच्या बाजूनं पोटतिडकीनं बोललो. आपल्या धानाच्या बांध्या लहान, यंत्र हलकं हवं, एका हँडलला उठणारं हवं. शामराव माझ्याच बाजूचे होते. दौलतजींनी डिझेल स्वस्त पडतं एवढं एकच शहाणपणाचं वाक्य उच्चारलं आणि आम्हा दोघांना गप्प केलं.

मग रोजचाच तमाशा सुरू झाला. सकाळी शामराव हँडल मारून मारून दमत. मग बैल यायचे. शामराव सीटवर, बैल पुढे, आणि दौलतजी इंजिनवर हात ठेवून बाजूनं चालत. उतारावर इंजिन पेटायचंच. मी एकदा सुचवलं की रात्री ट्रॅक्टर पाळीवरच उभा करा, बैलांचं कामच पडणार नाही. दौलतजींना एवढा राग आलेला मी कधी पाहिला नव्हता. "पाळीवर थंडी भरते त्याले," ते म्हणाले. "तुले का समजते रे त्याच्यातलं?"

इंजिनातलं मला काय समजतं! मी आठ दिवस बोललो नाही त्यांच्याशी.

दुसऱ्या वर्षी चैत्रातही, अंगाची लाही होत असताना, इंजिन बैलांशिवाय उठेना. शामरावांनी मला बोलावून घेतलं. इंजिन धड असेल तर बैल याच बाजारी विकणार, असं त्यांनी भावासमोरच सांगितलं. मी झाकण उघडलं, नळ्या तपासल्या. सगळं ठणठणीत. मग बाजूचा लहानसा खटका दिसला. तो वर असला की इंजिनात दाब धरत नाही, मग भीम आला तरी ते पेटायचं नाही. खटका वर होता. खाली पाडला असता तर एका हँडलचं काम होतं.

मी मान वर केली. दौलतजी माझ्याकडे बघत होते. मळलेली तंबाखू तशीच तळहातावर होती. सव्वा वर्ष हा माणूस रोज सकाळी खटका वर करून ठेवत होता, आणि बैलांनी ओढल्यावर चालता चालता गुपचूप पाडत होता.

माझी सगळी मिस्तरीगिरी पणाला लागली होती. मी हात पुसले आणि शामरावांना म्हणालो, "डिझेलचं इंजिन असंच राहते, भाऊ. बैल लागतीलच." इतकं बिनडोक निदान मी जन्मात दुसरं केलं नाही, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

पुढच्या हिवाळ्यात गावी गेलो. सकाळी नेहमीची मिरवणूक निघाली होती. शामराव सीटवर ताठ बसलेले, पुढे चांद्या-पाखऱ्या. बाजूला मात्र दौलतजी दिसेनात. बघतो तर ट्रॅक्टरच्या मागे, धोतर खोचून, साठीचा हा माणूस चाकाला खांदा लावून लोटत होता. बैलांच्या पायांत आता बळ उरलं नव्हतं. मी धावलो आणि दुसऱ्या चाकाला भिडलो.

"हळू," दौलतजी धापा टाकत कुजबुजले. "समजू नोको देऊ."

"शामरावले?"

"त्याले समजलं तं समजू दे." त्यांनी मानेनं पुढे खूण केली. "बैलाइले."

पुढे ती जोडी माना ताठ करून, सारा भार आपणच ओढतोय अशा ऐटीत पाळ चढत होती. मी आणखी खाली वाकलो आणि लोटत राहिलो.