सुकेशनीबाईसाहेबांची अंगठ्यावरील स्वारी

मौजे कान्हेथडी, तालुके सोनपेठ, जिल्हे परभणी, येथील समस्त बायामंडळींनी समाजमंदिराचे ओट्यावर बैसोन फर्माविले की, गोदावरीचे महापुराचे सालीं सुकेशनीबाईसाहेब, जोजे सिद्धोधनराव, यांणी जी मोहीम केली तिची हकीकत जो तो आपले पदरचे तिखटमीठ लावोन सांगतो. तरी जे घडले ते साद्यंत, कोणाची भीडमुर्वत न धरितां, एकवार कागदावर यावे. त्याजवरोन हा मजकूर लिहिला असे.

बाईसाहेबांची उमर सव्वीस. बारावी पास होतांच लग्न जाहले, आणि पांच वर्षे चूल व कापसाची वेचणी यांतच गेली. मग एके दिवशी त्यांणी सोनपेठच्या कॉलेजांत बी.ए.ला नांव घातले, आणि पहिले वर्ष पहिल्या वर्गांत जिंकोन दुसऱ्या वर्षांत भूगोल विषयासह डेरेदाखल जाहल्या. यजमान सिद्धोधनराव हे पेठेंत कापडाचे दुकानीं नोकर, मनुष्य गरीब स्वभावाचे. सासूबाई मातुःश्री सुलाबाई, यांचा अंमल घरांत चुलीपासोन उंबऱ्यापावेतो बेलाशक चाले, आणि त्यांचे शब्दाबाहेर मांजरही जात नसे.

ऐसे असतां भाद्रपद अखेरीस गोदावरी फुगली. पाणी अगोदर स्मशानांत आले, मग वेशीत आले, मग दुपारचे प्रहरी कोणाची परवानगी न घेतां घरांत आले. मंडळी गांवची शाळा उंचावर होती तेथे गेली. पाणी उतरल्यावर पाहातात तों मागली भिंत पडली, दळणाची कोठी आडवी, आणि बाईसाहेबांचे दप्तर बेपत्ता. भूगोलाचे पुस्तकांत नद्यांचा धडा होता. गोदावरीने आपला धडा आपणच नेला. मोबाईल फोनही त्याच वाटेने गेला.

मग चिखलाशी युद्ध सुरू जाहले. बावीस दिवस बाईसाहेबांनी घमेल्याने गाळ उपसिला, चुन्याने व जंतुनाशक पावडरीने भिंती घासिल्या, भांडी राखेने घासिली आणि पुन्हां घासिली. तेविसावे दिवशी त्यांणी यजमानांस सांगितले की, भिंत बांधोन पत्रे टाकणे अगत्य, पैका तिकडे लागेल, सबब यंदा कॉलेज बंद. मीठ संपले असे सांगावे तैशा आवाजांत सांगितले. मग मागील दारी जाऊन जे झाकण आधीच लख्ख होते तेच पुन्हां बराच वेळ घासीत उभ्या राहिल्या. सुलाबाईंनी हे पाहिले.

तों सोमवारी कॉलेजांतील सुमंगला मॅडम यांचा फोन सिद्धोधनरावांचे मोबाईलवर आला. खबर ऐसी की, पूर आलेल्या मुलखांतील शिकत्या स्त्रियांस एक संस्था शिष्यवृत्ती देते. फी, पुस्तके, बसपास सर्व त्यांत आले. मात्र अर्ज शनिवारी सायंकाळी पांचाचे आंत दाखल व्हावा, पांचानंतर दरवाजा बंद. हे ऐकोन बाईसाहेबांनी हातांतील घमेले खाली ठेविले, आणि तीन दिवसांत पंचनाम्याची नक्कल, कॉलेजचा दाखला, गुणपत्रक, बँकेचे पासबुक ऐसे चार किल्ले एकामागोन एक सर केले.

पांचवा किल्ला तो अंगठा. सोनपेठचे पेठेंत एक सुविधा केंद्र, त्याचे किल्लेदार राजश्री बन्सीधर, आणि त्यांचे मेजावर काडीपेटीएवढे यंत्र, त्यास तांबडा डोळा. अर्ज भरणे तर त्यावर अंगठा ठेवावा आणि यंत्राने मनुष्य ओळखावा ऐसा कायदा. गुरुवारी बाईसाहेबांनी अंगठा ठेविला. यंत्राने ओळख नाकारिली. साडीस पुसोन ठेविला, केसांवर घासोन ठेविला, फुंकर घालोन ठेविला, यंत्र बधेना. मग बन्सीधरांनी त्यांचा हात उजेडाकडे धरोन न्याहाळिला आणि म्हणाले,

“ताई, रेषाच न्हाईत की. सगळं सपाट झालंय.”

“गाळ काढून काढून गेल्या असतील,” बाईसाहेब म्हणाल्या. “दुसरा काही रस्ता हाय का?”

“मोबाईलवर नंबर येतो, तो सांगा.”

मोबाईल तर गोदावरीने नेलेला. नवे सिम घ्यावे तर त्या दुकानीही अंगठाच मागतात. ऐसी चहूंकडोन नाकेबंदी जाहली.

सुलाबाई आपल्या निराधार पगाराकरितां बरोबर आल्या होत्या. यंत्रच बिघडले असेल ऐसा संशय येऊन बन्सीधरांनी त्यांचा अंगठा घेतला. सुलाबाई कधी शाळेंत गेल्या नाहीत, जन्मभर अंगठाच करीत आल्या. तो पहिल्याच दाबांत उमटला आणि यंत्राचा डोळा हिरवा जाहला. सुलाबाईंनी दुकानांतील सर्वांकडे एकवार पाहिले. सही येणारी सून नामंजूर आणि अंगठेवाली सासू मंजूर, हा न्याय बाईसाहेबांचे जिव्हारी लागला. परतीचे वाटेवर त्या एस.टी.चे खिडकीतोन गाळाने भरलेली सोयाबीनची रानें पाहात राहिल्या. गांव जवळ आला तेव्हां म्हणाल्या,

“आत्याबाई, न्हाई जमलं तर राहू द्या. भिंत तरी होईल.”

“भिंत हुईल,” सुलाबाई म्हणाल्या. “आन् तुजं कालेजबी हुईल. अंगठ्यापायी शाळा सोडून अडाणीच ऱ्हायचं आसतं तर मंग मी काय वाईट व्हते?”

सांजचे समयी ओट्यावर मसलत बैसली. शेजारची शिवकन्या म्हणे लिंबू चोळावे. दुसरी म्हणे खोबरेल. तिसरीने सांगितले की, तिचे भावजयीचे हात दुधाचे सायीने आठ दिवसांत लोण्यासारखे जाहले. आठ दिवस हाताशी नव्हते, सबब दोन दिवसांत आठ दिवसांची साय लावावी ऐसा ठराव जाहला, आणि घरोघरीची साय वाट्यांतोन चालोन आली. मग सुलाबाईंचे फर्मान सुटले: आजपासोन सुकेशनीने पाण्यास हात लावू नये, राखेस लावू नये, केरसुणीस लावू नये, भांडी सिद्धोधन घासील. सिद्धोधनरावांनी तोंड उघडिले. सुलाबाईंनी तिकडे पाहिले. तोंड मिटले.

शुक्रवार सायीत गेला. शनिवारी दोनप्रहरी बाईसाहेब दोन्ही हातांस साय चोपडोन, वर यजमानांचे पायमोजे चढवोन, एस.टी.त स्वार जाहल्या. बरोबर सुलाबाई व सिद्धोधनराव. बसमध्ये एक बाई शेळीचे करडू घेऊन बाजारास निघाली होती. करडाने सायीचा वास घेतला आणि डावे मोज्यावर हल्ला केला. बाईसाहेबांनी हात वर केले. कंडक्टरास वाटले, बस थांबवा म्हणतात. त्याने घंटी दिली आणि गाडी भर रानांत उभी राहिली. तो विचारी, “कोन उतरायलंय?” कोणीच उतरेना. तोंवर करडाने एक मोजा ओढोन काढिला आणि तो चाखीत बैसले. सुलाबाईंनी मोजा सोडविला, परंतु टाच गेली होती.

केंद्रांत पोहोंचले तों साडेतीन. बन्सीधरांनी तपकिरी फडक्याने यंत्राचा डोळा पुसिला आणि बाईसाहेबांचे हात गरम पाण्याने धुवोन घेतले. मग शर्थीची लढाई जाहली. उजवा अंगठा पडला. डावा अंगठा पडला. उजवे हाताची तर्जनी, मग मधले बोट, मग बाकीची, ऐसे एकामागोन एक सरदार चालोन गेले आणि तांबडा डोळा पाहोन माघारे आले. चार वाजोन दहा मिनिटांनी वीज गेली. दुकानांत अंधारगुडुप, बाहेर बाजाराचा गलका. सिद्धोधनराव घडोघडी घड्याळ पाहात, आणि सुलाबाईंनी हुकूम केला की, घड्याळ खिशांत घाल, त्याने वीज येत नसते. बाईसाहेब फाटके मोज्याची गुंडाळी करोन धरोन बैसल्या होत्या. त्यांचे मनांत पुराचे दिवशींचे पाणी येत होते. ते घरांत शिरले तेव्हां आपण रडलो नाही, आणि आज या काडीपेटीपुढे रडू येते, याचा त्यांस मोठा राग आला.

चार एकेचाळीसला वीज आली. बन्सीधर म्हणाले,

“ताई, किती बोटं राहिली?”

बाईसाहेबांनी हिशेब केला. डावे हाताची करंगळी तेवढी राहिली होती. गाळ काढावयाचे पहिलेच दिवशी तिजला पत्र्याने कापले होते, म्हणोन बावीस दिवस ती चिंधीत होती. ना चुना लागला, ना राख. घरांत ज्याने कांहीच काम केले नाही ऐसे तेच एक बोट. अशा आळशी बोटाने काय होणार, ऐसे मनांत म्हणतच त्यांणी ते ठेविले.

डोळा हिरवा जाहला.

बन्सीधरांनी फक्त “हं” म्हटले आणि संगणकावर बोटे चालवावयास लागले, आणि चार वाजोन बावन्न मिनिटांनी अर्ज दाखल जाहला, पावती छापोन हाती आली. तीवर नांवापुढे सही करावी लागते. बाईसाहेबांनी सही केली, आणि ती इतकी लांबरुंद केली की चौकटीचे बाहेर गेली. सुलाबाईंनी करंगळी हातांत घेऊन उलटीसुलटी पाहिली, आणि पदराने पुसोन परत दिली.

पुढे महिनाभराने शिष्यवृत्ती मंजूर जाहली. बाईसाहेब बसपास गळ्यांत घालोन कॉलेजांत दाखल जाहल्या, आणि जो पाठ बुडाला होता तो मैत्रिणींच्या वह्यांतोन उतरवोन घेतला. परंतु शर्त ऐसी की, पुढील हप्त्याचे वेळी ओळख पुन्हां पटवावी लागेल. म्हणोन सुलाबाईंनी ओट्यावर सर्वांदेखत तह केला: बाईसाहेब बी.ए. होत तोंवर भांड्यांचा मुलूख कायमचा सिद्धोधनरावांकडे राहील, आणि याविषयी फेरविचार होणार नाही.

सिद्धोधनरावांनी तह इमानेइतबारे पाळिला. फाल्गुनांत ते रेशनदुकानीं धान्य आणावयास गेले आणि अंगठा ठेविला. यंत्राने ओळख नाकारिली. दुकानदाराने पुसिले, “काय काम करायलात बापू तुमी?”

“भांडी घासायलोय,” सिद्धोधनराव म्हणाले.

मागे रांगेंत सुलाबाई होत्या. त्या पुढे आल्या, आपला अंगठा ठेविला, गहू-तांदूळ मोजोन घेतले, आणि पोते लेकाचे डोकीवर देऊन घरास कूच केले. तेच दिवशी बाईसाहेब दुसऱ्या वर्षाचे परीक्षेचा भूगोलाचा पेपर तीन तास लिहोन, दोन पुरवण्या जोडोन, बाहेर आल्या होत्या. मोहीम फत्ते जाहली, ते वर्तमान ओट्यावरील मंडळींसमक्ष वाचोन खरे केले. निशाणी अंगठा सुलाबाई, सही सुकेशनी, आणि सिद्धोधनरावांचे हात ओले असल्याकारणे त्यांची जागा मोकळी सोडिली असे.